विश्लेषण : भंगारातली सायकल खरेच स्वस्त पडते का? किनाऱ्यावर काय तपासाल?

मालगुंड, गणपतीपुळे पट्ट्यात शाळा, बाजार किंवा कामावर जाण्यासाठी अनेक घरांत सायकल हवी असते. नवी घ्यायची तर काही हजार रुपये मोजावे लागतात. त्यामुळे नजर वळते भंगाराकडे. तिथे चांगली सायकल मिळू शकते. पण समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत लोखंड आतून पोखरते आणि वरचा रंग मात्र शाबूत दिसतो. म्हणून भाव करण्याआधी सांगाडा तपासणे महत्त्वाचे.

भंगारात सायकल स्वस्त का?

भंगारवाला सायकल वजनावर घेतो. दांड्याची जुनी काळी सायकल साधारण २० किलो भरते. लोखंडाचा दर किलोला ३० रुपये धरला, तर तिचे ६०० रुपये होतात. ती तोडून पुढे जाण्याआधी गाठली, तर त्याहून थोडे जास्त देऊन मिळू शकते.

शोधायची कुठे?

वाड्यावाड्यांत फिरणारा भंगाराचा टेम्पो, रत्नागिरी शहरातील भंगारवाले आणि सायकल दुरुस्तीची दुकाने हे नेहमीचे मार्ग. कोकणात आणखी एक आहे. चाकरमान्यांची बंद घरे गणपती-शिमग्याला उघडतात, साफसफाई होते आणि पडवीतली जुनी सायकल बाहेर निघते. ती भंगारात जाण्याआधीच विचारलेले बरे. पुण्याला जाणे होत असेल, तर बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारातही सुटे भाग पाहता येतात.

जुने भाग एकमेकांना बसतात का?

काळ्या सायकलीचे बरेचसे बसतात. अ‍ॅटलास (१९५१), हिरो (१९५६), हर्क्युलस, एव्हॉन या कंपन्यांच्या साध्या सायकलींचा घाट जवळपास एकच आहे. त्यामुळे २०२० मध्ये अ‍ॅटलासचा साहिबाबाद कारखाना बंद पडला, तरी तिच्या जुन्या सायकली दुरुस्त होत राहिल्या. हँडल, मडगार्ड, कॅरिअर, स्टँड, क्रँक हे भाग भंगारातून घ्यायला हरकत नाही.

गफलत होते ती चाकात. ‘२६ इंची’ म्हटले तरी सगळी चाके सारखी नसतात. २६ × १ ३/८ टायरची रिम ५९० मिलिमीटरची, तर जाड टायरच्या गिअरवाल्या सायकलीची ५५९ मिलिमीटरची असते. एकाचा टायर दुसऱ्याला बसत नाही. २८ × १ १/२ टायरची रिम ६३५ मिलिमीटरची असते. टायरवर ‘३७-५९०’ असा आकडा छापलेला असतो. त्यातला दुसरा आकडा जुळला पाहिजे.

काय तपासावे?

• सायकल उलटी करून पायडलच्या खालचा सांधा पाहावा. पाणी तिथेच साठते. स्क्रू-ड्रायव्हरने टोचल्यावर पापुद्रे निघाले किंवा भोक पडले, तर सायकल सोडून द्यावी.
• पुढचा चिमटा आणि हँडलखालचा सांधा पाहावा. रंगाला सुरकुती किंवा तडा असेल, तर सायकल कुठेतरी आदळलेली असू शकते.
• सीटचा दांडा हलतो का, ते पाहावे. गंजून आत धरला असेल, तर उंची बदलता येत नाही.
• चाक फिरवावे. रिम डुगडुगत असेल आणि तारांचे नट गंजून धरले असतील, तर चाक सरळ करणे अवघड.
• चेनच्या २४ कड्या मोजाव्यात. नव्या चेनमध्ये हे अंतर ३०.५ सेंटिमीटर असते. ३०.८ भरले, तर चेनबरोबर फ्रीव्हीलही झिजलेले समजावे.

नवे काय घ्यावेच लागते?

ब्रेकचे रबर, केबल, छर्रे, टायर आणि ट्यूब. यात काटकसर नको. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला सरासरी ३ हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि किनाऱ्याचे रस्ते चढ-उताराचे आहेत. लोखंडी रिम ओली झाली की ब्रेक नीट लागत नाही. शाळकरी मुलासाठी सायकल घेत असाल, तर मापाची अ‍ॅल्युमिनियमची रिम मिळते का, हे आधी पाहावे.

हिशेब साधा ठेवावा. सायकल, सुटे भाग आणि मजुरी मिळून नव्या सायकलीच्या निम्म्यापुढे खर्च जात असेल, तर ती सायकल स्वस्त नाही.

चोरीची निघाली तर?

चोरीचा माल आहे हे माहीत असताना, किंवा तसे मानायला कारण असताना तो घेतला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ नुसार ३ वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकते. म्हणून विकणाऱ्याचे नाव, तारीख, रक्कम आणि सांगाड्यावरचा क्रमांक लिहिलेली पावती घ्यावी. क्रमांक बहुधा पायडलच्या सांध्याखाली किंवा सीटच्या नळीवर असतो. तो घासून काढलेला दिसला, तर व्यवहार करू नये.

घरी आणल्यावर काय करावे?

किनाऱ्यावरून फिरून आल्यावर सायकल गोड्या पाण्याने धुऊन कोरडी पुसावी आणि चेनला तेल द्यावे. पावसाळ्याआधी हब आणि पायडलचा सांधा उघडून नवे ग्रीस भरून घ्यावे.