एका सेकंदाची फट

२००८ सालच्या सप्टेंबरात लिनक्सच्या येऊ घातलेल्या २.६.२७ आवृत्तीची चाचणी घेणाऱ्या काही जणांची नेटवर्क कार्डं मेली. संगणक दहा वेळा बंद-चालू केला तरी ती उठेनात. अशा कार्डाच्या पोटात एक छोटी कायमस्वरूपी मेमरी असते. कार्डाचा हार्डवेअर पत्ता, त्याची मांडणी, सगळं तिच्यात लिहिलेलं असतं. ड्रायव्हर सुरू होताना तिची चेकसम जुळवून बघतो. ती जुळेना, म्हणून ड्रायव्हर कार्डाला हात लावायलाच तयार होईना. सॉफ्टवेअर बिघडलं तर पुन्हा टाकता येतं. इथं सॉफ्टवेअरनं हार्डवेअरच नासवलं होतं.

मेलेली कार्डं सगळी इंटेलची, आणि ती चालवणारा ड्रायव्हर एकच, ई१०००ई. त्यामुळे संशय पहिल्यांदा त्याच्यावर गेला. मग पडद्यावर चित्र काढणाऱ्या एक्स सर्व्हरवर गेला. काही वितरणांनी आपल्या चाचणी आवृत्त्यांतून तो ड्रायव्हरच काढून टाकला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, तशातला हा प्रकार होता, पण हे आज कळतं. खरा दोष होता कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, काय चाललंय हे नुसतं बघण्यासाठी लिहिलेल्या कोडमध्ये. त्याचं नाव एफट्रेस, आणि ते याच आवृत्तीत पहिल्यांदा आत आलं होतं.

एफट्रेस मुख्यतः स्टीव्हन रोस्टेड यांनी लिहिलेलं. कर्नलमधलं कुठलं फंक्शन कधी चाललं, त्याला कोणी बोलावलं, याचा माग ते ठेवतं. त्यासाठी कंपायलरची एक जुनी सोय वापरलेली आहे. ती चालू केली की कंपायलर प्रत्येक फंक्शनच्या तोंडाशी 'एमकाउंट' नावाच्या फंक्शनला एक हाक घालून ठेवतो. कर्नलमध्ये फंक्शनं हजारोंनी. माग काढायचा नसतानाही ती हाक दर वेळी जाऊन परत येणार असेल, तर सगळी यंत्रणाच जडावते. म्हणून रोस्टेड यांनी ठरवलं, की ट्रेसिंग बंद असेल तेव्हा ही हाक कोडमधून पुसूनच टाकायची आणि लागेल तेव्हा परत लिहायची. म्हणजे चालत्या कर्नलनं स्वतःच्याच सूचना खोडायच्या, चालता चालता.

हे बाइटच्या पातळीवर बघू, कारण सगळी गंमत तिथंच आहे. एक्स८६ प्रोसेसरवर ही हाक पाच बाइटांची असते. पहिला बाइट हेक्समध्ये 'ई८', म्हणजे 'हाक मार', आणि पुढचे चार बाइट कुठं जायचं ते अंतर. तिच्या जागी पाच बाइटांचीच, पण काहीच न करणारी सूचना लिहायची: '०एफ १एफ ४४ ०० ००'. तिला नॉप म्हणतात. प्रोसेसर ती वाचतो आणि पुढे जातो. खर्च जवळपास शून्य.

पण पुसायच्या तर त्या हाका कर्नलमध्ये नेमक्या कुठं कुठं आहेत? पहिल्या रचनेत त्याचं उत्तर असं होतं: फंक्शन पहिल्यांदा चाललं की त्यातली हाक एमकाउंटपर्यंत जाते; एमकाउंटनं हाक मारणाऱ्याचा पत्ता वहीत टिपून ठेवायचा. 'एफट्रेसडी' नावाचा एक कर्नल थ्रेड दर सेकंदाला जागा होई आणि वही बघे. नवे पत्ते असतील तर 'स्टॉप मशीन' ही सोय वापरून सगळे कोअर जागच्या जागी उभे करी, टिपलेल्या प्रत्येक पत्त्यावर नॉप लिही आणि परत झोपे. ट्रेसिंग कोणी चालू केलेलं असो वा नसो, हे चालूच राही. म्हणून ज्यांनी एफट्रेसचं नावही ऐकलं नव्हतं, त्यांचीही कार्डं गेली.

रेस कंडिशन म्हटलं की कोण किती वेगानं धावतं याचा विचार मनात येतो. नावामुळे तसं होतं, पण वेगाचा इथं फारसा संबंध नाही. एखादी गोष्ट टिपून ठेवणं आणि त्या टिपणावर विसंबून कृती करणं, यांच्या मध्ये फट असते. त्या फटीत जग बदललं, की झाली रेस. इथली फट एका सेकंदाची होती. प्रोसेसरच्या हिशेबानं सेकंद म्हणजे अब्जावधी ठोके.

त्या सेकंदात काय बदलू शकतं? कर्नलचे सुटे भाग, म्हणजे मॉड्यूलं, चालू यंत्रात चढवता येतात. मॉड्यूल चढताना त्याचं सुरुवातीचं कोड एकदाच चालतं. त्यानंतर त्याचं काम उरत नाही, म्हणून त्याची जागा कर्नल मोकळी करून टाकतो. आता क्रम बघा. सुरुवातीचं कोड चाललं, एमकाउंटला हाक गेली, पत्ता वहीत चढला. कोड संपलं, जागा मोकळी झाली. वहीतला पत्ता मात्र तसाच. ३२-बिट एक्स८६वर मॉड्यूलांना जागा ज्या पट्ट्यातून मिळे, त्याच पट्ट्यातून उपकरणांची रजिस्टरं पत्त्यावर आणण्यासाठीही जागा दिली जाई. तेवढ्यात नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर आला आणि त्यानं कार्डाच्या त्या कायमस्वरूपी मेमरीचा ताबा नेमका त्या मोकळ्या झालेल्या पत्त्यावर मागून घेतला. सेकंद पुरा झाला. एफट्रेसडी जागा झाला आणि वही उघडून कामाला लागला.

आता स्टॉप मशीननं सगळे कोअर थांबवले तरी उपयोग काय? ते आत्ताची पळापळ थांबवतं. वहीतली नोंद कधीच शिळी झाली होती.

रोस्टेड यांनी डोळे झाकून लिहिलं होतं असं मात्र नाही, आणि मला या कथेतला सर्वांत शिकण्यासारखा भाग हाच वाटतो. त्यांच्या कोडमध्ये पहारा होता. पत्त्यावर काहीच नसेल तर होणारी चूक पकडून मुकाट्यानं मागे फिरायची सोय होती. आणि काही असेल, तर तिथं अपेक्षित हाकच आहे ना हे ताडूनच नॉप लिहायचं होतं. ताडणं आणि लिहिणं यांच्यातही फट राहू नये म्हणून दोन्ही एकाच झटक्यात करणारी प्रोसेसरची 'कम्पेअर-एक्स्चेंज' ही सूचना वापरलेली होती. रेस टाळायचं हे पाठ्यपुस्तकातलं हत्यार. जुळलं तर बदल, नाही जुळलं तर हात लावू नकोस.

फक्त ती सूचना हात लावते! इंटेलच्या संदर्भग्रंथात स्पष्ट लिहिलेलं आहे, की तुलना जुळो वा न जुळो, ही सूचना त्या पत्त्यावर लेखन करतेच. नाही जुळलं तर जे वाचलं तेच परत लिहून ठेवते. साध्या मेमरीत याचा कुणाला पत्ताही लागत नाही. पाच होते, पाचच लिहिले. पण उपकरणाच्या रजिस्टरवर काहीही लिहिणं म्हणजे उपकरणाला आज्ञा देणं.

असं समजा, की सोसायटीच्या सुपरवायझरनं सकाळी वहीत लिहिलं: ३०४, मोरीतला नळ बदलणे. प्लंबर दुपारी पोचला. मधल्या काळात तिथलं बिऱ्हाड हललं, नव्या माणसानं सगळी पाडापाड करून मोरीच्या जागी ओटा केला आणि त्याच भिंतीतून गॅसची नळी नेली. प्लंबर तसा नेक माणूस. वहीत लिहिलेल्या मापाचीच जोडणी आहे का हे तो आधी बघतो, नसेल तर होती तशी परत बसवून निघून जातो. पण माप बघायला त्याला ती खोलावी लागते.

हा दोष सापडला कसा? इंटेलचे अभियंते कार्डं घेऊन प्रयोगशाळेत बसले आणि कर्नलच्या इतिहासाचे दोन-दोन भाग करत गेले. मधली आवृत्ती घ्यायची, चालवायची. कार्ड मेलं तर दोष अलीकडच्या अर्ध्यात नाही, आधीच्या अर्ध्यात आहे. जगलं तर उलट. दहा हजार बदल असले तरी चौदाएक फेऱ्यांत एका बदलापर्यंत पोचता येतं. कागदावर सोपं. पण इथं प्रत्येक 'सापडलं'ची किंमत एक कार्ड. शिवाय रेस दर वेळी घडतेच असं नाही, त्यामुळे कार्ड जगलं याचा अर्थ ती आवृत्ती निर्दोष असा काढता येत नाही. पुन्हा पुन्हा चालवावी लागते. शेवटी बोट टेकलं ते नेटवर्कशी काडीचाही संबंध नसलेल्या एफट्रेसवर.

दुरुस्तीचे तीन थर झाले. पहिला थर ड्रायव्हरमध्ये: कार्डाच्या त्या मेमरीला लेखनबंदी घातली. ९ ऑक्टोबर २००८ ला २.६.२७ बाहेर पडलं ते हे कुलूप लावून. त्यानंतर आठवडाभरात २.६.२७.१ आलं आणि त्यात चालत्या कोडमध्ये बदल करणारा एफट्रेसचा भाग 'मोडका' असा शिक्का मारून बंदच केला. ही झाली मलमपट्टी. तिसरा थर म्हणजे खरा इलाज. तो लिहायला ऑगस्टपासूनच सुरुवात झाली होती आणि डिसेंबरात २.६.२८ मधून तो सगळ्यांपर्यंत पोचला.

एफट्रेसडीला सेकंदाऐवजी मिलिसेकंदानं उठवलं असतं तर फट बारीक झाली असती. कार्डं क्वचित मेली असती आणि दोष शोधणं आणखी कठीण झालं असतं. रेस बारीक करणं हा इलाज नाही, उलट ती लपवणं आहे. रोस्टेड यांनी वहीच मोडीत काढली. कर्नल बांधला जात असतानाच एक स्क्रिप्ट प्रत्येक फाइलमधल्या हाका शोधू लागली, त्यांच्या पत्त्यांची यादी करून ती त्याच फाइलला जोडून देऊ लागली. लिंकर सगळ्या याद्या एकत्र करतो. यंत्र सुरू होताना, बाकीचे कोअर जागे व्हायच्या आत, यादीतल्या सगळ्या हाकांच्या जागी नॉप लिहून होतात. मॉड्यूल चढतं तेव्हा त्यातलं काहीही चालायच्या आधी त्याची यादी उरकली जाते. ते उतरलं की त्याच्या नोंदीही जातात. सुरुवातीचं, टाकून द्यायचं कोड यादीत घेतलंच नाही. कम्पेअर-एक्स्चेंजही गेलं. आता आधी नुसतं वाचायचं, ताडायचं आणि जुळलं तरच लिहायचं. नाही जुळलं तर मुकाट्यानं मागे फिरायचं नाही, बोंब ठोकायची आणि एफट्रेस बंद करायचं.

यानंतरही ट्रेसिंग चालू-बंद करताना स्टॉप मशीन लागतच होतं. हजारो जागी बदल होईस्तोवर सगळं यंत्र स्तब्ध. ते टाळायचं तर एक कोअर पाच बाइट बदलत असताना दुसरा कोअर त्याच पाच बाइटांवरून धावत येऊ शकतो. त्याला अर्धे जुने, अर्धे नवे बाइट दिसले तर तो भलतीकडेच उडी मारेल. २०१२ मध्ये, ३.५ आवृत्तीत, यावर उपाय आला. पाच बाइट एका दमात बदलता येत नाहीत, पण एक बाइट येतो. म्हणून आधी पहिल्या बाइटावर 'सीसी' लिहायचा. तो ब्रेकपॉइंट, त्यावर पाय पडला की प्रोसेसर कर्नलच्या ठरावीक हँडलरकडे जातो. मग सगळ्या कोअरना निरोप धाडायचा, की आधी वाचून ठेवलेलं टाकून द्या. मग मागचे चार बाइट बदलायचे. पुन्हा निरोप. शेवटी पहिला बाइट खरा लिहायचा आणि पुन्हा निरोप. मधल्या काळात कुणी 'सीसी'वर आलाच, तर हँडलर त्याच्या पत्त्यात चार मिळवतो, आणि तो उरलेले चार बाइट ओलांडून पुढे जातो. जणू तिथं नॉपच होता.

आणि या इलाजातही एक रेस निघाली. ब्रेकपॉइंट इतरही कामांसाठी वापरतात. म्हणून एफट्रेसचं काम चालू आहे हे हँडलरला कळावं यासाठी एक व्हेरिएबल ठेवलं होतं. पहिला कोअर त्यात एक लिही, मग 'सीसी' पेरायला लागे. पण दुसऱ्या कोअरला 'सीसी' दिसावा आणि त्या व्हेरिएबलमधला एक मात्र अजून दिसू नये, हे शक्य होतं. मग हँडलर ते बघे, शून्य दिसे, हा ब्रेकपॉइंट कुणाचा हेच त्याला कळेना आणि कर्नल कोसळे. रोस्टेड यांनी आधी मेमरी बॅरियर, म्हणजे लेखन-वाचनाचा क्रम राखणाऱ्या सूचना, घालून पाहिल्या. कर्नलवरच काम करणाऱ्या एच. पीटर ॲन्व्हिन यांनी सुचवलं, की त्यापेक्षा ते व्हेरिएबलच ॲटॉमिक करून टाका. एक्स८६वर ॲटॉमिक वाढ स्वतःच बॅरियरचं काम करते. बदल मोजक्या ओळींचा. त्याच्या डोक्यावर टिप्पणी मात्र लांबलचक, दोन कोअर शेजारी शेजारी मांडून कोणी आधी काय करायचं ते दाखवणारी. ब्रेकपॉइंटवर पाय पडायच्या आधीच ते व्हेरिएबल वाचून ठेवणारा प्रोसेसर कुणी आणलाच तर ते मोठंच नवल म्हणायचं, असंही तिच्यात जाता जाता नोंदवलेलं होतं.