दहा प्याले

गेल्या ईदला माझी मुलगी पुण्याहून आली ती टॅरोचे पत्ते घेऊन. ‘अब्बा, एक पत्ता काढा,’ म्हणाली. उद्याचं ठाऊक असणारा एक अल्लाच, त्यासाठी पत्त्यांकडे जायचं नाही, हे मी लहानपणापासून ऐकत आलेलो. पण चित्रं बघायला कुणाची ना असणार? मी पडलो कवी. भविष्य नको, नुसती चित्रं पाहू, असं आमचं ठरलं.

खरं तर हे पत्ते भविष्यासाठी निघालेच नव्हते. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत ते खेळायचे म्हणून तयार झाले. साधे पत्ते तर त्याही आधी इजिप्तच्या ममलूक सुलतानांच्या मुलखातून युरोपात पोचले होते. त्यांच्यावर प्याले, नाणी, तलवारी आणि पोलोच्या काठ्या असत. युरोपला पोलो ठाऊक नव्हता, म्हणून त्या काठ्यांचे साधे दांडके झाले! टॅरोला भाकिताची जोड मिळाली ती अठराव्या शतकात, फ्रान्समध्ये.

एका जोडात ७८ पत्ते. मुलीकडचा जोड मूळचा लंडनचा, १९०९ सालचा. कल्पना आर्थर एडवर्ड वेट यांची, चित्रं पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीची. तोवर बहुतेक जोडांत पाच प्याले म्हणजे नुसते पाच प्याले काढलेले असत. पामेलानं तिथं माणसं आणली. काम प्रचंड आणि पैसे अगदी थोडे, असं तिनंच एका पत्रात लिहिलं होतं. तिची चित्रं जगभर गेली, ती मात्र १९५१ साली कर्ज मागे ठेवून वारली.

मी पत्ता काढला. पाच प्याले. काळा झगा पांघरलेला एक माणूस मान खाली घालून उभा आहे. समोर तीन प्याले लवंडलेले. मुलीची अम्मी जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. आम्ही दोघंही काही बोललो नाही. मग तीच हळूच म्हणाली, ‘अब्बा, त्याच्या मागे बघा.’ मागे दोन प्याले उभे होते, न सांडलेले.

मी म्हटलं, प्याल्यांचे बाकीचे पत्तेही दाखव. नऊ प्याल्यांच्या पत्त्यावर एक धष्टपुष्ट गृहस्थ हाताची घडी घालून बसलाय. मागे उंचावर नऊ प्याले ओळीनं मांडलेले. मनातली इच्छा पुरी झाल्याचा हा पत्ता मानतात. पण बाकावर तो एकटाच, आणि प्याल्यांकडे पाठ. मला आमच्या दिवाणखान्यातलं स्मृतिचिन्हांचं कपाट आठवलं.

दहा प्याल्यांचा पत्ता पुऱ्या समाधानाचा. तिथं प्याले कुणाच्याच हातात नाहीत, आभाळात इंद्रधनुष्यावर आहेत. टिकणारं सुख दाखवायला पामेलानं जगातली सगळ्यांत न टिकणारी गोष्ट निवडली, हे मला फार आवडलं. इंद्रधनुष्य घटकाभरात विरेल. खाली नवराबायको एकमेकांना धरून उभी आहेत, एकेक हात वर केलेला. पलीकडे नदी, झाडांत छोटंसं घर. ते सगळं उरेल. बाजूला दोन मुलं नाचतायत. डोक्यावर काय उगवलंय, याचा त्यांना पत्ताच नाही.

मी तो पत्ता बराच वेळ हातात धरून बसलो. एक दुपार आठवत होती. अंगणात मुलीची अम्मी लसूण सोलत बसली होती, मुलांची लगोरी रंगात आली होती, आणि तीही मधूनच मोठ्यानं हसत होती. मी आत कविता लिहीत होतो. गलका सहन होईना, तेव्हा आतूनच सगळ्यांवर ओरडलो आणि खिडकी लावून घेतली.

कविता कुठली होती, ते आता आठवत नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)