जॉर्ज स्टोवी : नेवार्कचा डावखुरा पिचर

जॅकी रॉबिन्सनचे नाव आपल्या मुलांना शाळेतच ठाऊक होते. दरवर्षी १५ एप्रिलला मेजर लीगचे सारे खेळाडू त्याच्या ४२ क्रमांकाचा गणवेश घालतात, तेही ती कौतुकाने पाहतात. रॉबिन्सनने १९४७ मध्ये वर्णभेदाची भिंत ओलांडली, हे वाक्य त्यांना तोंडपाठ असते. परंतु ती भिंत मुळात कोणी बांधली, केव्हा बांधली, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. त्याच्या उत्तराचा मोठा भाग न्यू जर्सीतल्या नेवार्क शहरात सापडतो आणि त्या उत्तराच्या मध्यभागी मायनर लीगमधील एक डावखुरा पिचर उभा आहे. त्याचे नाव जॉर्ज वॉशिंग्टन स्टोवी.

स्टोवीचा जन्म १८६६ मध्ये पेनसिल्व्हेनियातील विल्यम्सपोर्ट या लाकूडव्यापाराच्या शहरात झाला. अमेरिकेत गुलामगिरी कायद्याने संपुष्टात आली, त्यास तेव्हा जेमतेम एक वर्ष झाले होते. याच मुक्तिकार्यासाठी महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला, हे आपण जाणतो. त्या अर्पणपत्रिकेच्या काळात स्टोवी सात वर्षांचा होता. मुक्तीनंतर जन्मलेल्या पहिल्या पिढीच्या वाट्याला पुढे काय आले, हे पाहण्यासाठी त्याच्या आयुष्याइतके स्वच्छ उदाहरण आम्हांस दुसरे आढळले नाही.

१८८६ मध्ये तो ट्रेंटनच्या 'क्यूबन जायंट्स' या संघाकडून खेळला. नाव क्यूबन असले तरी खेळाडू अमेरिकेतीलच कृष्णवर्णीय होते. थोड्याच दिवसांत जर्सी सिटीच्या गोऱ्या संघाने त्याला ओढून नेले आणि १८८७ मध्ये तो इंटरनॅशनल लीगच्या 'नेवार्क लिटल जायंट्स' संघात दाखल झाला. मेजर लीगच्या खालोखाल मानाची अशी ही दहा संघांची लीग होती.

क्रिकेटवर वाढलेल्या आमच्या पिढीसाठी थोडे सांगावयास हवे. पिचर म्हणजे गोलंदाज खरा, पण त्याच्या चेंडूला टप्पा नसतो आणि षटक संपले म्हणून त्याला विश्रांती नसते. त्या काळी तर एकच पिचर बहुधा आरंभापासून अखेरपर्यंत संपूर्ण सामना टाकीत असे. आज तीन स्ट्राइकला बॅटर बाद होतो. १८८७ या एकाच हंगामात नियम बदलून चार स्ट्राइक लागत होत्या. पिचरांना जड गेलेल्या अशा वर्षात स्टोवीने नेवार्ककडून तीसहून अधिक सामने जिंकले. इंटरनॅशनल लीगच्या एका हंगामातील तो विक्रम आजवर कोणी मोडलेला नाही आणि आजच्या पद्धतीत पिचर ज्या हिशेबाने वापरले जातात, ते पाहता यापुढे मोडण्याचा संभवही नाही.

त्याचे चेंडू झेलणारा कॅचर होता मोझेस फ्लीटवुड वॉकर. वॉकर १८८४ मध्ये टोलिडो संघातून मेजर लीगमध्ये खेळला होता. तेथे टोनी मुलेन नावाचा त्याचाच पिचर, कृष्णवर्णीय माणसाची खूण मानायची नाही म्हणून, त्याच्या खुणांकडे दुर्लक्ष करून मनास येईल तसा चेंडू फेकीत असे. पुढे मुलेनने स्वतःच याची कबुली दिली. कोणता चेंडू येणार हे ठाऊक नसताना तो झेलायचा, तोही आजच्यासारखी साधने नसताना, म्हणजे काय ते ज्याने यष्टिरक्षण केले आहे त्याने कल्पावे. नेवार्कमध्ये वॉकरला कृष्णवर्णीय पिचर लाभला. संघटित गोऱ्या बेसबॉलमधील ही पहिली ज्ञात कृष्णवर्णीय पिचर-कॅचर जोडी होय.

पिचर कितीही श्रेष्ठ असो, मागे उभ्या असलेल्या सहकाऱ्यांनी ठरवले तर त्याला बुडवू शकतात. त्याच वर्षी त्याच लीगमध्ये सिरॅक्यूजच्या रॉबर्ट हिगिन्सने याचा अनुभव घेतला. टोरांटोविरुद्धच्या सामन्यात त्याच्याच संघातील गोऱ्या खेळाडूंनी सोपे चेंडू हातून सोडले, चुकीच्या दिशेने फेकले आणि सिरॅक्यूज ८ विरुद्ध २८ असा हरला. पुढे संघाचे छायाचित्र घ्यावयाचे ठरले, तेव्हा क्रॉदर्स या पिचरने हिगिन्सच्या पंगतीस बसण्यास नकार दिला आणि समजावू पाहणाऱ्या व्यवस्थापकावर हात उगारला. पंगत हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरला आहे.

येथे आपल्या पालवणकर बाळूंची आठवण अपरिहार्यपणे येते. तेही डावखुरेच. पुण्याच्या मैदानावर त्यांच्या हातचा चेंडू सर्वांना चालत असे, पण चहा मात्र त्यांना बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात मिळे. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात १०० हून अधिक बळी घेऊनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधी लाभले नाही. बाळूंना आत घेऊन पायरीवर ठेवले गेले. स्टोवीला दाराबाहेर काढले गेले. दोन्ही समाजांची रीत वेगळी होती, हे लक्षात ठेवूनच ही तुलना करावी.

१४ जुलै १८८७ रोजी मेजर लीगचा बलाढ्य शिकागो संघ प्रदर्शनीय सामन्यासाठी नेवार्कला आला. कर्णधार होता कॅप ॲन्सन, त्या काळचा सर्वांत नामांकित खेळाडू. नेवार्ककडून स्टोवी चेंडू टाकणार, असे ठरले होते. प्रत्यक्षात तो मैदानात उतरलाच नाही. त्याची प्रकृती बरी नसल्याचे सांगण्यात आले. ॲन्सनने कृष्णवर्णीय खेळाडूंविरुद्ध खेळण्यास नकार दिला होता, हे नंतर वृत्तपत्रात छापून आले. वॉकरही त्या दिवशी बाहेर बसला.

ॲन्सनने असा हट्ट धरण्याची ही पहिली वेळ नव्हती. ऑगस्ट १८८३ मध्ये टोलिडो येथेही त्याने वॉकरला काढा, अन्यथा खेळणार नाही, अशी धमकी दिली होती. तेव्हा टोलिडोच्या व्यवस्थापकाने, वॉकर जखमी असूनही, मुद्दाम त्याला मैदानात उतरवले आणि खेळायचे नसेल तर तिकिटांच्या उत्पन्नातील वाटा मिळणार नाही, असे ॲन्सनला बजावले. ॲन्सन निमूटपणे खेळला. चार वर्षांत ॲन्सन यत्किंचितही बदललेला नव्हता. बदलले होते ते यजमान. म्हणून सारा दोष एकट्या ॲन्सनच्या माथी मारणारे लेखन आम्हांस अपुरे वाटते.

त्याच १४ जुलैला बफेलो येथे इंटरनॅशनल लीगच्या संचालकांची बैठक झाली. यापुढे कृष्णवर्णीय खेळाडूंशी नवे करार मंजूर करावयाचे नाहीत, असा ठराव ६ विरुद्ध ४ मतांनी संमत झाला. असलेल्या खेळाडूंना हात लावला नाही. केवळ नवी भरती थांबवली. कोणाला काढल्याचा बोभाटा नाही, आणि काही हंगामांत मैदान आपोआप गोरे होणार. नोकरभरतीचे राजकारण जवळून पाहिलेल्या आपल्या वाचकांना या युक्तीचे वेगळे स्पष्टीकरण नको.

विक्रमी कामगिरीनंतरही पुढील हंगामात स्टोवी नेवार्कच्या संघात नव्हता. तो न्यू इंग्लंडमधील वूस्टर संघाकडून काही सामने खेळला, मग पुन्हा क्यूबन जायंट्सकडे परतला. हिगिन्स १८८८ मध्ये संघ सोडून मेम्फिसला आपल्या केशकर्तनालयात गेला. १८८९ नंतर वॉकरही गेला आणि इंटरनॅशनल लीगचे दार पुढे अर्धशतकाहून अधिक काळ बंद राहिले.

ते उघडले १८ एप्रिल १९४६ रोजी, स्टोवी जेथे खेळला त्याच जर्सी सिटीत. मॉन्ट्रियल संघाकडून रॉबिन्सन उतरला आणि मॉन्ट्रियलने सामना १४-१ असा जिंकला. (त्याच वर्षीच्या जुलैत बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. डुबॉईस यांना संयुक्त राष्ट्रसंघाकडे करावयाच्या निवेदनासंबंधी पत्र लिहिले होते.) त्या संघात रॉबिन्सनबरोबर जॉन राइट हा कृष्णवर्णीय पिचरही होता, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. मॉन्ट्रियलसाठी त्याला अवघे दोन सामने मिळाले, मग क्विबेकमधील खालच्या श्रेणीच्या संघात धाडण्यात आले आणि दुसऱ्या वर्षी तो पुन्हा कृष्णवर्णीयांच्या लीगमध्ये परतला.

स्टोवी हे पाहावयास हयात नव्हता. २२ मार्च १९३६ रोजी विल्यम्सपोर्टमध्येच त्याचे निधन झाले. तीन वर्षांनी त्याच गावात लिटल लीगची स्थापना झाली. तिची जागतिक स्पर्धा दर ऑगस्टमध्ये शेजारच्या साउथ विल्यम्सपोर्टमध्ये भरते. १९२० ते १९४८ मधील कृष्णवर्णीयांच्या लीगना मेजर लीगचा दर्जा देण्याचा निर्णय २०२० मध्ये जाहीर झाला, पण स्टोवीचा काळ त्याच्या बराच आधीचा असल्याने त्याचे आकडे त्यात येत नाहीत. १८८७ च्या इंटरनॅशनल लीगमधील त्याचे समकालीन फ्रँक ग्रँट यांना २००६ मध्ये आणि बड फाउलर यांना २०२२ मध्ये कूपर्सटाउनच्या हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळाले. स्टोवीचे नाव तेथे अद्याप नाही.