पैनगंगेच्या अलीकडचे स्वराज्य

१५ ऑगस्ट १९४७ रोजी स्वतंत्र भारताने नवे सरकार कोऱ्या पाटीवर उभारले नाही. ब्रिटिश पार्लमेंटचा १९३५ चा भारत सरकार कायदा आवश्यक फेरबदल करून हंगामी राज्यघटना म्हणून वापरला गेला आणि घटना समिती, म्हणजे राज्यघटना लिहिण्यासाठी निवडलेली सभा, हीच संसदेचेही काम पाहू लागली. यवतमाळ जिल्ह्यातील महागाव ज्या वऱ्हाडात मोडते, तेथे सत्तेचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होता, कारण हैदराबादच्या निजामाने १९०२ मध्ये हा प्रदेश ब्रिटिशांना कायम भाडेपट्ट्याने दिला असला तरी नाममात्र सार्वभौमत्व, म्हणजे अंतिम सत्तेचा हक्क, त्याचेच मानले जात होते; प्रत्यक्ष कारभार मात्र नागपूरहून, मध्यप्रांत व वऱ्हाड या प्रांताच्या रविशंकर शुक्ल मंत्रिमंडळाकडून चाले. त्यामुळे यवतमाळ जिल्ह्यात तिरंगा फडकला, तेव्हा पैनगंगा नदीपलीकडील नांदेड जिल्हा निजामाच्याच राज्यात होता आणि भारत सरकारच्या सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईपर्यंत तो तसाच राहिला.

कचेऱ्या, दफ्तरे व महसुलाची पद्धत जुनीच राहिल्याने कारभार खंडित झाला नाही, हे त्या व्यवस्थेचे मोठे यश होय. तथापि प्रौढ मतदानाने, म्हणजे शिक्षण वा मालमत्तेची अट न घालता, सरकार निवडण्याचा अधिकार सामान्य शेतकऱ्याला व शेतमजुराला १९५१-५२ च्या निवडणुकीतच प्रथम मिळाला. त्या निवडणुकीत शेजारच्या पुसदमधून वसंतराव नाईक तेव्हाच्या मध्य प्रदेश विधानसभेवर निवडून गेले आणि १९६३ मध्ये ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले.