हुरड्याआधीचं शिवार

शिरूर तालुक्यात शेत बघायला जायचं म्हटलं की मोराची चिंचोली आठवते आणि दिवस आठवतात ते हुरड्याचे, म्हणजे डिसेंबर-जानेवारीचे. आगटीत भाजलेली कणसं, शेंगदाण्याची चटणी, बैलगाडीचा फेरा असा बेत झकास जमतो. पण त्यात शेती दिसते ती एका पिकाची, एका टप्प्यातली आणि तीही ताटातली. मुलांना शेती कळावी असा हेतू असेल, तर दसऱ्यापासून दिवाळीनंतरच्या आठवड्या-दोन आठवड्यांपर्यंतचा काळच त्यासाठी योग्य. शिवाय त्यासाठी तालुक्यातल्या कारेगावाहून फार लांबही जायला नको.

या दिवसांत एकाच शिवारात दोन हंगाम एकमेकांना खेटून उभे असतात. एका वावरात खुडलेल्या बाजरीची मळणी चाललेली असते, तर बांधापलीकडे रब्बी ज्वारी पेरली जात असते किंवा नुकतीच उगवून आलेली असते. जिराईत ज्वारी पुढचे चार महिने मुख्यतः जमिनीत मुरलेल्या ओलीवर काढते. म्हणून पेरणी लांबली तर ओल उडते आणि घाई केली तर परतीच्या पावसानं पेरा दडपतो. शेतकऱ्याचा निर्णय किती अरुंद फटीत बसतो, हे मातीची ढेकळं हातात घेऊन मूल समजू शकतं. जानेवारीत कणीस हाती येतं, तेव्हा तो निर्णय केव्हाच होऊन गेलेला असतो. दिवाळीच्या आसपास उसाचं गाळप सुरू होतं आणि दौंडकडे केडगाव-यवतच्या पट्ट्यात गुऱ्हाळं पेटलेली दिसतात. रस काहिलीत पडतो, भेंडीचा चिकट रस घातला की मळी फेसासारखी वर येते, ती झाऱ्यानं काढली जाते. खाली चुलवणात जळतात ती आधी गाळलेल्या उसाची वाळलेली चिपाडं. पाकाचा थेंब पाण्यात टाकून त्याची गोळी वळते का, हे गुळव्या पाहतो. इंधन, शुद्धीकरण, तापमान असा विज्ञानाचा अख्खा धडा तिथे उलगडतो.

यावर पहिला आक्षेप वाजवी आहे: ऐन सुगीत शेतकऱ्याला पाहुणे कशाला? पण पाहण्यासारखं आहे ते कामच. सकाळचे दोन तास, मोजकी कुटुंबं, आधी ठरलेलं शुल्क आणि जेवणाची जबाबदारी पाहुण्यांची, एवढं पाळलं तर काम अडत नाही. राज्यानं 2020 मध्ये कृषी पर्यटन धोरण आणलं. पण तलाव, खोल्या, भोजनगृह उभारायला भांडवल लागतं. चालू काम दाखवायला ते लागत नाही आणि बाजरी, गूळ, काकवी बांधावरच विकली जाते. दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. शिरूरच्या उसात बिबट्यांचा वावर आहे, हे खरंच आहे. म्हणून उसात शिरायचं नाही, मुलांना एकटं सोडायचं नाही आणि चांगलं उजाडल्यावरच शिवारात जायचं.

कारेगावला तर हे जास्तच लागू पडतं. रांजणगाव औद्योगिक वसाहतीत कामाला आलेली मराठवाडा, विदर्भ आणि परप्रांतांतली कितीतरी कुटुंबं इथे भाड्यानं राहतात. त्यांतल्या अनेकांनी मागे शेतीच सोडलेली. मुलं मात्र कंपन्यांची फाटकं आणि कंटेनर बघत वाढतात. भाडेकरू आणि शेतकरी यांच्यात आज व्यवहार आहे तो खोलीभाड्याचा. सुगीतल्या एका सकाळीनं त्यात धान्याचा आणि ओळखीचा व्यवहार जोडता येतो, आणि त्याची सुरुवात ग्रामपंचायत किंवा शाळा इच्छुक शेतकऱ्यांची एक साधी यादी लावूनही करू शकते.