छतावरची वीज आणि ग्रीडची शिस्त

मणिकर्णिका घाटावरच्या चिता रात्रंदिवस जळतात. त्यांना विजेची गरज नसते. 30 जुलै 2012 रोजी उत्तर भारताचे ग्रीड कोसळले. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा कोसळले आणि पूर्व व ईशान्येचेही त्याच्यामागून गेले. साठ कोटींहून अधिक लोकांच्या प्रदेशात अंधार पसरला आणि विद्युतदाहिन्या मध्येच थंडावल्या. घाटाच्या पायऱ्यांवरून मागची दाटीवाटीची छपरे पाहताना मला ते दोन दिवस आठवले, कारण ग्रीडपुढचा पुढचा पेच अशाच छपरांवर आकार घेत आहे.

फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या सूर्यघर योजनेचे लक्ष्य 1 कोटी घरांचे आहे. चर्चा होते ती पॅनेलची आणि 78,000 रुपयांपर्यंतच्या अनुदानाची. पॅनेलमधून येणाऱ्या दिष्ट प्रवाहाला सेकंदाला 50 आवर्तनांच्या ठेक्यात बसवणाऱ्या इन्व्हर्टरविषयी कोणी बोलत नाही.

मागणीपेक्षा निर्मिती वाढली की ग्रीडची वारंवारिता 50 हर्ट्झच्या वर सरकते, घटली की खाली येते. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2013 च्या नियमांनी छोट्या सौरसंचांना दंडक घातला : वारंवारिता 50.5 हर्ट्झला पोहोचली की 0.2 सेकंदांत ग्रीडपासून अलग व्हावे. छपरे मोजकी होती तोवर हे निर्धोक होते. पण 1 कोटी घरांवर प्रत्येकी तीन किलोवॅट धरले तर ती 30,000 मेगावॅटची क्षमता होते. भर दुपारी ती एकाच क्षणी बाहेर पडली, तर जादा विजेचा प्रश्न सुटण्याऐवजी तुटीचा निर्माण होईल. जर्मनीत हा उंबरठा 50.2 हर्ट्झ होता. धोका ध्यानात आल्यावर 2012 मध्ये तिथे कायदेशीर आदेश काढून लाखो जुने संच सुधारावे लागले. वारंवारिता वाढेल तसतसे उत्पादन क्रमाने घटवणे, हा त्यावरचा उपाय. आजच्या इन्व्हर्टरला ते सहज जमते.

विद्युतदाबाचे गणित अधिक स्थानिक आहे. दुपारी घरात वापर कमी असतो आणि छतावरची वीज उलट्या दिशेने रोहित्राकडे वाहते. त्यामुळे वाहिनीच्या टोकाच्या घरांत दाब चढतो. इन्व्हर्टरने थोडी रिॲक्टिव्ह पॉवर शोषली की तो उतरतो. 28 एप्रिल 2025 रोजी स्पेन आणि पोर्तुगाल अंधारात गेले, ते अनियंत्रित वाढलेल्या विद्युतदाबामुळे. तिथल्या सौरप्रकल्पांना दाब सावरण्याचे काम नेमून दिलेलेच नव्हते. ते ठरावीक पॉवर फॅक्टरवर चालत होते. दोष सूर्याचा नव्हता, नियमांचा होता.

या सेवेची किंमत मात्र कोणीतरी मोजते. दाब सावरताना इन्व्हर्टरची काही क्षमता खर्ची पडते, प्रसंगी ग्राहकाचे युनिट बुडतात, आणि नेट मीटरिंग तर केवळ युनिटच मोजते. टोकाच्या घराने शेजाऱ्यांसाठी झीज सोसायची असेल, तर तिची भरपाई बिलात दिसली पाहिजे, असे माझे मत आहे. वितरण कंपन्यांना हे रुचणार नाही.

नियम आज बदलला, तर नव्या इन्व्हर्टरमध्ये तो बसवतानाच्या एका सेटिंगने उतरतो. पाच वर्षांनी बदलला, तर तंत्रज्ञाला गोदौलियापासून या घाटापर्यंतच्या गल्ल्यांतला एकेक जिना चढावा लागेल.