व्हायकिंग लुटारू खरे, पण पोट भरायचं शेतीवरच!

मालिका-सिनेमांमुळे व्हायकिंग म्हणजे शिंगांचं शिरस्त्राण घातलेले, मांसाचे लचके तोडणारे दांडगे लुटारू, असं चित्र आपल्या मनात बसलंय. लढाईत ते शिंगं घालत होते याला पुरावा नाही. आणि रोजच्या जेवणाचं म्हणाल, तर तिथं मांसापेक्षा जवाच्या पेजेचाच आधार मोठा होता.

साधारण इ.स. ७९३ ते १०६६ हा त्यांचा काळ. आजचे नॉर्वे, स्वीडन आणि डेन्मार्क हा त्यांचा मुलूख. नावा घेऊन लुटीला किंवा व्यापाराला जाणारे थोडे, बाकी बहुतेक शेतकरीच.

*जव, जातं आणि चूल*

मुख्य पीक जव, कारण थंडी आणि छोटा उन्हाळा हे पीक सोसतं. जोडीला ओट आणि राय. धान्य हाताच्या जात्यावर दळायचं, त्याची पेज किंवा जाडीभरडी भाकरी करायची. जात्याच्या दगडाची कच पिठात उतरायची, त्यामुळे त्या काळच्या सांगाड्यांचे दात झिजलेले दिसतात. घराच्या मधोमध लांबट चूल, तिच्यावर लोखंडी किंवा मऊ दगड कोरून केलेलं भांडं. त्यात मांस, वाटाणा, कांदा जे असेल ते एकत्र शिजायचं. जेवण दोन वेळा, सकाळी आणि संध्याकाळी. प्यायला जवाची हलकी बिअर. बटाटा, टोमॅटो, मका, मिरची यातलं काहीच नव्हतं. ही पिकं १४९२ नंतर अमेरिकेतून बाहेर पडली. मिरची तर तेव्हा आपल्याकडंही नव्हती.

*चाऱ्यावर ठरायचं सगळं*

खरा प्रश्न हिवाळ्याचा. कित्येक महिने जमीन गोठलेली, चरायला काही नाही. उन्हाळ्यात कापून वाळवलेलं गवत पुरेल तेवढीच जनावरं गोठ्यात ठेवायची, उरलेली थंडीआधीच कापायची. म्हणून मांसाची चंगळ फार तर त्या दिवसांत. नंतर खारवलेलं, धुरावलेलं, वाळवलेलं पुरवून खायचं.

दुधाचंही तसंच. उन्हाळ्यातल्या दुधाचं लोणी आणि 'स्कीर' करून ठेवायचे. स्कीर म्हणजे आपल्या चक्क्यासारखा पदार्थ, आइसलँडमध्ये आजही खातात. त्यातून निथळलेलं आंबट पाणीसुद्धा फेकत नसत. ते पिंपात भरून त्यात मांस बुडवून ठेवलं की महिनोन्‌महिने टिकायचं.

समुद्रकाठी कॉड माशाचा आधार. आपल्याकडं बोंबील उन्हात वाळतात. नॉर्वेच्या उत्तरेला लोफोटेन बेटांवर कॉड मात्र थंड वाऱ्यावर वाळतो, तोही मीठ न लावता. हा मासा दूरवर विकला जायचा. आज जर्मनीत असलेल्या हेडेबी या व्हायकिंग बाजारपेठेत सापडलेल्या माशांच्या हाडांची डीएनए तपासणी झाली, तेव्हा त्यातले काही मासे त्या उत्तरेकडचेच निघाले.

*पुरावा थेट पोटातला*

इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात व्हायकिंगांची मोठी वस्ती होती. तिथं १९७२ मध्ये माणसाची दगडासारखी झालेली विष्ठा सापडली. तपासल्यावर कळलं, की हा माणूस मुख्यतः मांस आणि कोंड्यासकट भाकरी खायचा. पोटात जंतांची अंडी शेकड्यांनी होती! म्हणजे पोट भरलेलं असलं तरी तब्येत ठणठणीत असेलच असं नव्हे.

आणि साल वाईट गेलं तर? आइसलँडच्या जुन्या लिखाणात इ.स. ९७६ च्या सुमारास मोठा दुष्काळ पडल्याची नोंद आहे. त्यात लोकांनी डोमकावळे आणि कोल्हेसुद्धा खाल्ले, असं लिहिलंय.

तलवारीच्या गोष्टी पुढं गाजल्या, पण घर जगायचं ते उन्हाळ्यात साठवलेल्या शिध्यावर. ज्याची गवताची गंजी मोठी आणि पिंपं भरलेली, त्याचाच हिवाळा नीट निघायचा.